ब्लाउजचं माप

(दृश्य: बडोद्याच्या दांडिया बाजारातलं शिवणकामाचं छोटं दुकान. शिलाई मशीनचा आवाज. टेबलावर मोरपंखी ब्लाउजपीस, त्यावर पिवळी टेप.)

निवेदन:

माझी मावशी गेली पंचवीस वर्षं इथेच ब्लाउज शिवून घेते. सहा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढला. त्यानंतर पहिल्यांदा ती या दुकानात आली, ती पदर घट्ट ओढून उभी राहिली. शिंपीणबाईंनी खांद्यावरून टेप खाली सोडली, मध्येच थांबवली आणि हळूच विचारलं, "डावीकडे आतून कप्पा करू का?"

आठवड्यानं ब्लाउज आला. कप्प्यात पिंजलेला कापूस होता आणि कापसात मूठभर मोहरी. मोहरी वजनासाठी. नुसता कापूस भरला तर ब्लाउज त्या बाजूनं वर सरकतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्याकडे अशी आलेली मावशी ही पहिली नव्हती.

त्या दिवशी मावशी घरी येऊन रडली. आजारपणात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "अगं, आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

(दृश्य: संध्याकाळचं सूरसागर. काठावरून जाणाऱ्या बायका. समोर न्यायमंदिर.)

ऑपरेशनच्या आधी, तपासणीच्या खोलीत तिनं स्वतःहून एक प्रश्न विचारला होता. चाचरत, अर्धवट : काढलेल्या जागी पुन्हा काही करता येतं का? उत्तर गुजरातीत आलं : "हवे आ उंमरे एनी शी जरूर, माशी?" आता या वयात त्याची काय गरज? तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती.

गरज आहे की नाही, हे त्या डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकलं. मावशीला निर्णय घ्यायचाच नव्हता असं नाही. असा काही निर्णय असतो हेच तिच्यापर्यंत पोचलं नाही. ही फिल्म करायचं मी ठरवलं ते याच कारणासाठी.

आणि शब्द? आमच्या घरात 'गाठ' म्हणतात, 'ते ऑपरेशन' म्हणतात. 'स्तन' हा शब्द मी मावशीच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. याच शहरात १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' छापला गेला. राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला आठ भाषांमधले प्रतिशब्द त्यात शोधून मांडले होते. कचेरीतल्या शब्दांसाठी एवढा खटाटोप झाला. बाईच्या शरीराबद्दल मात्र आम्ही अजून हातवारे करून बोलतो.

तर शब्दापासूनच सुरुवात करू. स्तनपुनर्रचना. काढलेल्या स्तनाच्या जागी पुन्हा आकार घडवणं. तो आकार स्वतःच्या शरीरातल्या मांसचरबीतून घडवतात, किंवा सिलिकॉनच्या इम्प्लांटनं, म्हणजे छातीत बसवायच्या पिशवीनं, किंवा दोन्ही मिळून.

(दृश्य: एका जुन्या छापील चित्राची प्रत. कपाळावर पानासारखी खूण असलेला माणूस.)

स्वतःच्याच शरीरातून दुरुस्ती करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. वर्षभरानं पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात हे चित्रासह छापून आलं आणि युरोपातले सर्जन खडबडून जागे झाले. कातडी पूर्ण तोडायची नाही, तिचा रक्तपुरवठा राखून ती दुसरीकडे फिरवायची, हेच त्यातलं मर्म. आज तिला 'फ्लॅप' म्हणतात.

स्तनाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण फार उशिरा आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हालस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धत रूढ केली. जखम झाकण्यासाठी कुठलीही प्लास्टिक सर्जरी त्यांना नको होती. लपवलं तर रोग परतलेला दिसणार नाही, ही भीती. ती भीती अनेक पिढ्यांच्या सर्जनांमध्ये मुरली. पुनर्रचनेमुळे रोग परतण्याचं प्रमाण वाढत नाही, हे आता अनेक अभ्यासांत दिसलेलं असूनही ती पुरती गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९८० च्या दशकात इटलीत आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या. रोग लवकर सापडला, तर फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते, हे त्यांतून सिद्ध झालं. म्हणजे पुष्कळ जणींचा स्तन काढावाच लागत नाही. आपल्याकडे काढावा लागतो, कारण आपण उशिरा पोचतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच.

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली काम करणारे हात. चेहरे दिसत नाहीत.)

फ्लॅपचे प्रकार अनेक. पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे वळवतात. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही, वेळ कमी लागतो, म्हणून भारतात तो अजून पुष्कळ वापरला जातो. १९८२ मध्ये हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची चरबी स्नायूसह वर आणण्याची पद्धत मांडली. पण पोटाचा स्नायू गेला की पोट कमकुवत होतं, हर्निया होऊ शकतो. ज्या बाईला रोज कणीक मळायची आहे, पाण्याची कळशी उचलायची आहे, तिच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही.

१९८९ मध्ये जपानच्या कोशिमा यांनी दाखवलं की स्नायू जागच्या जागी ठेवून त्यातून जाणारी बारीक रक्तवाहिनी तेवढी सोडवता येते. याला 'डीप फ्लॅप' म्हणतात. नाभीखालची कातडी आणि चरबी उचलायची आणि तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या. टाक्याचा धागा केसाहून बारीक. ऑपरेशनला सहा-आठ तास लागतात. पुढचे दोन-तीन दिवस नर्स दर तासाला येऊन रंग आणि ऊब पाहते, कारण वाहिनी बंद पडली तर सगळी मेहनत काही तासांत वाया जाते.

आमच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका ताईंनी हे करून घेतलं. अडतीस वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. चेहरा दाखवायला त्यांनी नकार दिला, आवाजाला होकार दिला.

(ताईंचा आवाज, पडद्यावर फक्त हात आणि वहीचा कोपरा) : "पहिले पंधरा दिवस ताठ उभं राहता येत नव्हतं. पोट ओढायचं. वाटायचं, कशाला केलं? मग एक दिवस आंघोळीनंतर आरशासमोर विसरून उभी राहिले. विसरून. तेव्हा कळलं कशाला केलं ते."

(दृश्य: टेबलावर पारदर्शक सिलिकॉनचं इम्प्लांट. एक बोट ते दाबून पाहतं.)

आता दुसरा मार्ग. १९६२ मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. ऑपरेशन छोटं, पोटावर व्रण नाही, घरी लवकर जाता येतं. सौंदर्यासाठी स्तनाचा आकार वाढवून घेणाऱ्या आणि कर्करोगातून उठलेल्या बाईच्या छातीत जाणारी वस्तू एकच असते, त्यामुळे तिच्यातले दोषही दोघींच्या वाट्याला सारखेच आले. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेनं तिच्यावर कडक बंधनं घातली, ती २००६ मध्ये उठली. २०१० मध्ये फ्रान्सची 'पीआयपी' ही कंपनी कारखान्यांत वापरायचं सिलिकॉन भरत असल्याचं उघड झालं. देशोदेशींच्या लाखो बायकांच्या छातीत ते आधीच गेलं होतं. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

याहून गंभीर बाब पुढे आली. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती, बसवल्यावर बऱ्याच वर्षांनी, क्वचित एक वेगळाच कर्करोग होतो. तो स्तनाचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा, म्हणजे लिम्फोमा. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं आपली खरबरीत 'बायोसेल' इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली. हा आजार दुर्मीळ आहे, आणि लवकर कळला तर इम्प्लांट व त्याभोवती शरीरानं तयार केलेलं आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. पण अनेक वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर 'होईल बरं' म्हणून घरी बसायचं नाही, एवढं प्रत्येकीला माहीत हवं. इम्प्लांट जन्मभर पुरत नाही, हेही. पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असं अमेरिकेचा औषध नियामक सांगतो. २०२१ पासून तिथे बाईसमोर जोखमींची यादी वाचून तिची सही घ्यावी लागते. आपल्याकडच्या प्रत्येक सर्जननं ती यादी मराठीत आणि गुजरातीत करून स्वतःहून वाचून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा यांचा दोष इम्प्लांटला देणाऱ्या बायका आहेत. हा त्रास इम्प्लांटमुळेच आहे हे ओळखण्यासाठी एकही ठाम तपासणी नाही. इम्प्लांट काढल्यावर पुष्कळ जणींना बरं वाटतं, हे अभ्यासांत दिसतं. पण भोवतीचं आवरण पूर्ण काढलं काय, थोडं काढलं काय, बरं वाटण्यात फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. तरी 'अख्खं आवरण काढून देतो' अशी मोठी, जास्त जोखमीची ऑपरेशनं विकली जातात. बाईच्या त्रासावर विश्वास ठेवायला हवा, आणि त्या त्रासाचा बाजार होऊ देता कामा नये.

(दृश्य: दभोईकडून येणारी पहाटेची बस. खिडकीशी डोक्याला ओढणी बांधलेली बाई.)

आपल्या भागात सगळ्यात अडचणीचा प्रश्न आहे रेडिएशनचा. बायका त्याला 'शेक' म्हणतात. रोग पुढे गेलेला असला की स्तन काढल्यावरही शेक घ्यावे लागतात, आणि शेकामुळे कातडी आखडते, इम्प्लांटभोवतीचं आवरण दगडासारखं घट्ट होतं. मग स्तन घडवायचा कधी? शेकाआधी की नंतर? इंग्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात, २०२२ मध्ये, ३३ जणींना आधी शेक देऊन काही आठवड्यांनी स्तन काढून लगेच डीप फ्लॅप केला आणि तो क्रम सुरक्षित दिसला. तेहतीस हा आकडा लहान आहे, त्यावरून कुणी पद्धत बदलणार नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. पुनर्रचना केलेल्यांना २५ ऐवजी १६ शेक दिले, पाच आठवड्यांऐवजी तीन, तरी गुंतागुंत वाढली नाही. दभोईहून रोज बसनं येणाऱ्या बाईचे त्यामुळे दोन आठवडे वाचतात. तेवढ्या दिवसांचं भाडं वाचतं, मजुरी बुडत नाही.

(दृश्य: पुन्हा दुकान. टेप गुंडाळणारे हात.)

पूर्वी ऑपरेशन जमलं की नाही ते सर्जन फोटो पाहून ठरवत. २००९ मध्ये 'ब्रेस्ट-क्यू' नावाची प्रश्नावली आली आणि बाईलाच विचारलं जाऊ लागलं : कपडे घालताना कसं वाटतं? आरशात? नवऱ्याजवळ? अमेरिका-कॅनडातल्या ११ केंद्रांत या मापानं हजारो जणींचा पाठपुरावा झाला. दोन वर्षांनी स्वतःच्या मांसचरबीतून स्तन घडवलेल्या जणी इम्प्लांटवाल्यांपेक्षा जास्त समाधानी होत्या. पण एकूण सुमारे एक तृतीयांश जणींना काही ना काही गुंतागुंत झाली होती. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय कुणाचीही संमती घेऊ नये.

समाधानाच्या या मापातही संवेदना उशिरानंच आली. घडवलेला स्तन दिसतो, पण बहुधा बधिर असतो. गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलं आणि कळलंच नाही, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. आता फ्लॅपमधली नस छातीतल्या नसेला जोडून पाहतात. स्पर्श परत येतो, पण थोडा, आणि सगळ्यांना सारखा नाही. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. स्वतःच्या लेकराला छातीशी धरल्यावर त्याची ऊब कळली पाहिजे.

आणि काहीच करायचं नसेल तर? सपाट छाती ठेवणं हाही एक निर्णय आहे. सैल कातडीच्या घड्या न ठेवता ती नीट बेतून शिवण्याला २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं वेगळं नाव दिलं. हा मार्ग निवडलेल्या ९३१ जणींची पाहणी झाली, त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश समाधानी होत्या. साधारण पाचातल्या एकीनं मात्र सर्जननं तिचं ऐकलंच नाही, असं नोंदवलं. इथे 'काय गरज' म्हणून नकार देतात आणि तिथे 'करूनच घ्या' म्हणतात. दोन्हीकडे बाईचं मत राहून जातं.

(दृश्य: विम्याचे कागद, स्टेपलर, पेन.)

पैशाचं एक सांगते, कारण ताईंना ते उशिरा कळलं. विमा कंपनीच्या खिडकीवर त्यांना पहिल्यांदा सांगितलं गेलं, "ही कॉस्मेटिक सर्जरी आहे, मिळणार नाही." विमा नियामकानं ठरवून दिलेलं वाक्य मात्र स्पष्ट आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. त्या कलमाचा क्रमांक ८. ताईंनी ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करून कागद पुन्हा दिला आणि दावा मंजूर झाला. तुमच्या पॉलिसीत ते कलम शोधा.

'गरज' आणि 'हौस' यांच्यामधली ही रेघ कोण ओढतं? जड स्तनांमुळे मान आणि खांदे दुखणाऱ्या, घामानं खालची कातडी सोलवटणाऱ्या मुलीचं स्तन लहान करण्याचं ऑपरेशनही बहुतेकांना हौसच वाटते. तिच्या खांद्यावर पट्ट्यांचे पडलेले वळ एकदा पाहा.

(दृश्य: दुकान. दुपारचं ऊन उंबऱ्यावर.)

मावशी आता एकसष्ट वर्षांची आहे. या फिल्मच्या निमित्तानं मी तिला एका प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले. इतक्या वर्षांनीही पुनर्रचना करता येते, हे ऐकून ती गप्प झाली. मग तिनं पिशवीतून कागद काढला. त्यावर प्रश्न लिहून आणले होते. किती तास, किती खर्च, किती दिवस वाकता येणार नाही, स्पर्श कळेल का. चाळीस मिनिटं ती बोलत होती, आणि 'स्तन' हा शब्द तिनं तेव्हा उच्चारला. मी मोजलं नाही, पण एकापेक्षा जास्त वेळा.

तिनं ऑपरेशन नको असं ठरवलं.

परवा आम्ही पुन्हा या दुकानात आलो. मावसबहिणीच्या मुलाची मुंज आहे. शिंपीणबाईंनी सवयीनं कापसाची पिशवी जवळ ओढली.

मावशी म्हणाली, "आज कापूस नको. दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घ्या."

बाईंनी टेप उचलली आणि वहीत डाव्या बाजूसाठी नवी ओळ लिहिली.