काचेतला शेजार

(दृश्य : सकाळ. तलावाची पाळ. डोंगा काठाला लागतो. दोघं जण मासळीचं घमेलं खाली उतरवतात.)

भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत वळलं, की एकामागून एक तळी लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत अशी तळी हजारोंनी आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजानं यांतली कितीतरी बांधली. पुढे ती मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि सरकारी कागदावर नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. बोलताना सगळे मामा तलाव म्हणतात. याच पाण्यावर धान पिकतो आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची चूल पेटते.

घमेल्यातले तीन मासे जरा जवळून बघा. मोठ्या डोक्याचा, खालचा जबडा वर उचललेला, हा कतला. लालसर परांचा हा रोहू. आणि हा लांबट अंगाचा, तोंड खालच्या बाजूला असलेला, मृगळ. कतला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाच्या गाळात. जाळं आवरता आवरता इथल्या एका काकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, “तिघायचं ताट येगळं, म्हून भांडण नाई.” आणि मत्स्यबीज सोडायच्या आधी मरळ मात्र शोधून शोधून काढतात. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, हा मरळीचा घास.

ही फिल्म घरातल्या फिशटँकची आहे. काचेच्या पेटीत कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा, एवढाच तिचा विषय. तरी ती तलावावरून सुरू होते, कारण जे मी पैसे आणि मासे दोन्ही घालवून शिकलो, ते या पाळीवर आधीपासून माहीत होतं.

(दृश्य : कवेलूचं घर. ओसरीतून आत. भिंतीशी टेबलावर दोन फुटी पेटी.)

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साडेछप्पन्न लिटर. तळाची रेती आणि वरची मोकळी जागा सोडली, तर जेमतेम पन्नास. म्हणजे तीन बादल्या पाणी. तीन बादल्यांत किती जीव राहतील, हा प्रश्न दुकानात उभं असताना मनात येत नाही. तिथं नुसते रंग दिसतात.

फेब्रुवारी महिना होता. नागपूरच्या एका दुकानातून मी दोन गोल्डफिश घेतले, दोन एंजल, चार टायगर बार्ब, सहा निऑन टेट्रा आणि काच साफ करायला एक सकर. सगळे मिळून पंधरा. “एकत्र चालतात ना?” विचारलं, तर “चालतात भाऊ, काही टेन्शन नाही.” प्लास्टिकच्या पिशव्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि शंभर किलोमीटर एसटीत बसून आलो. पेटी आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेली होती. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निऑन चार राहिले होते. मेलेले सापडले नाहीत. खाली नाहीत, गवतात नाहीत, फिल्टरमागे नाहीत. पाचव्या दिवशी दोन. एंजलचं पोट तेवढं गोल दिसत होतं.

निऑन आणि एंजल दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. दोघांनाही मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. कागदावर ही जोडी जुळते आणि कितीतरी जण ती ठेवतातही. पण मूळ गावी एंजल निऑनसारखे छोटे मासे खाऊनच वाढतो. मरळ आणि बोटुकली एकाच तळ्यातले असतात, म्हणून त्यांना कोणी शेजारी म्हणत नाही. मासा विकत घेताना त्याचं तोंड बघा, आणि आजचं नव्हे, वर्षभरानंतरचं. त्या तोंडात जो मावेल तो एक दिवस त्यात जाईल. याला अपवाद धरून चालू नका.

(दृश्य : जवळून. एंजलचे लांब धाग्यासारखे खालचे पर. मागून पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा येतो.)

हे दृश्य दुसऱ्या एका घरातलं आहे, पण माझ्या पेटीत हेच चाललं होतं. बघा, टायगर बार्ब मागून येतो. समोरून कधी येत नाही. परांच्या टोकाला झटका देतो आणि निघून जातो. एंजल वळेपर्यंत दुसरा येतो. रक्त नाही, मारामारी नाही. बघणाऱ्याला वाटतं खेळताहेत. संध्याकाळपर्यंत ते लांब पर कुरतडलेल्या सुतासारखे झाले. दुसऱ्या दिवशी एंजल कोपऱ्यात तोंड घालून उभा होता आणि खायला टाकलं तरी तिथून हलला नाही. पराच्या जखमेवर पांढरी बुरशी चढायला मग वेळ लागत नाही.

टायगर बार्बचा यात दोष नाही. तो कळपानं राहणारा मासा. आठ-दहा असले की आपसांत कुरघोडी करण्यातच त्यांचा दिवस जातो. चारच ठेवले की ती सगळी खोडी शेजाऱ्यांवर निघते. चूक माझी होती, चार घेतले ती आणि लांब परांच्या माशाजवळ घेतले ती. गप्पी, एंजल, फायटर, लांब शेपटीचा गोल्डफिश यांच्याजवळ टायगर बार्ब नकोच, कळप कितीही मोठा असो. आणि टेट्रा, बार्ब, डॅनिओ असा कुठलाही कळपाचा मासा सहाच्या खाली घेऊ नका. एकटा टेट्रा दिवसभर गवतामागे दबून बसतो, त्याचा रंगही उतरतो.

राहिले गोल्डफिश. तो रोहू-कतल्याच्याच घराण्यातला, चीनमध्ये शेकडो वर्षं पाळून रंगीत केलेला. त्याला थंड पाणी मानवतं, वीस-बावीस अंशांचं. एंजल-निऑनला पंचवीसच्या आसपासचं लागतं. शिवाय गोल्डफिश खातो खूप आणि घाणही तेवढीच करतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढले की ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. मी एका रात्रीत भरलेल्या पेटीत पंधरा मासे सोडले होते. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नव्या पेटीत पहिला महिना दोन-तीन चिवट मासे ठेवा, खाणं चिमूटभर द्या, दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदला. घाई करायची ही जागाच नाही.

(दृश्य : विहीर. बोअर. अंगणात मागच्या उन्हाळ्यातला कूलर, गवताच्या ताट्यांवर पांढरा थर.)

आता पाण्याकडे या. हा पांढरा थर विदर्भात घरोघरी आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार. अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात तर जमिनीखालचं पाणी खारंच लागतं, त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. असं जड पाणी निऑनला आणि डिस्कस माशाला सोसत नाही. दुकानदाराच्या टाकीत ते चमकतात, घरी आले की आठवड्याभरात कोमेजतात. मग लोक औषधं टाकत बसतात.

माझं मत स्पष्ट आहे. जे पाणी घरात येतं ते बदलायला जाऊ नका, त्या पाण्याचा मासा आणा. जड पाणी आवडणारे मासे भरपूर आहेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, ही सगळी पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यात खुलतात. मॉली तर थोड्या खाऱ्या पाण्यातही राहते. या चौघांत आपसांत भांडण नाही, तोंड लहान, खाणं एकच. फक्त एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला पाठलाग करून करून थकवतो. आणि पिल्लं होणार हे धरून चाला. गप्पीला साधारण महिन्याला पिल्लं होतात आणि मादी एकदाच्या मिलनावर पुढचीही कितीतरी बाळंतपणं काढते. गप्पी आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याचे लोक तो टाक्यांत सोडतात.

नळाचं पाणी असेल तर वेगळी काळजी. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडते. तिचा क्लोरीन कल्ले जाळतो. ते पाणी उघड्या टबात निदान चोवीस तास ठेवा, मगच पेटीत घाला.

(दृश्य : मे महिन्याची दुपार. गल्ली रिकामी. पंखा थांबतो.)

आणि मग मे येतो. पारा पंचेचाळीस. पेटीतलं पाणी चौतीस-पस्तिसावर जातं आणि वीज जाते, दोन्ही एकाच वेळी. वीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला नऊ मिलिग्रॅमपर्यंत मावतो. पस्तीस अंशांला सातच्या आसपास. तापलेल्या पाण्यात माशाला श्वास जास्त लागतो आणि मिळतो कमी. अमोनियाचं विषही तेव्हाच चढतं. वरून पंप बंद. माझे दोन्ही गोल्डफिश अशाच एका दुपारी पाण्याच्या वर तोंड काढून काढून गेले. मी वहीनं वारा घालत बसलो होतो.

विदर्भात मासे जुळतात की नाही, ते मे महिन्यात कळतं. दुकानातल्या तक्त्यावर लिहिलेलं असतं कोण कोणाला चावतो. लोडशेडिंगमध्ये कोण तगतो हे तिथं नसतं.

तळ्यावर मात्र हेही माहीत असतं. पाणी आटलं तरी मरळ चिखलात तग धरते, कारण ती वर येऊन हवा घेते. मागूरही घेतो. घरच्या पेटीत हीच विद्या गौरामीला येते आणि फायटरला येते. दोघांच्याही डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीदार अवयव असतो, त्यानं ते सरळ हवेतून श्वास घेतात. फायटर मात्र एकटाच ठेवा. दोन नर एकत्र ठेवले तर एक मरतो, आणि गप्पीची रंगीत शेपूट बघून फायटर गप्पीलाही दुसरा नर फायटरच समजतो.

पेटीसाठी सोपं म्हणजे टेबलफॅन पाण्यावर तिरपा लावा, दोन-तीन अंश उतरतात. वीज नसेल तर बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो. बर्फाची बाटली एकदम टाकू नका, त्या धक्क्यानं मासा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला सहज बळी पडतो. पेटी कवेलूच्या घरात असेल तर टिनाच्या खोलीपेक्षा तिचं बरं चालतं. हिवाळ्यात उलट. गोंदियात पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हीटर लागतोच.

(दृश्य : तीच दोन फुटी पेटी, आज.)

या पेटीत आज कोण आहे ते बघा. वर आठ झेब्रा डॅनिओ, अंगावर निळ्या रेघा, क्षणभर थांबत नाहीत. मध्ये तीन हनी गौरामी, एक नर, दोन माद्या. आणि तळाशी, रेतीकडे नीट बघा, दोन डोळे. हा लोच. पावसाळ्यात धानाच्या बांधीत बोटभर लांबीचा, वळवळणारा मासा पोट्ट्यांना सापडतो, तोच. दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवून, रोग नाही हे बघून मग आत घेतला. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर हा वर येऊन हवा गिळतो.

झेब्रा डॅनिओ आणि हनी गौरामी परदेशी नावांनी विकले जातात, पण दोन्ही आपल्याच देशातले. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरानं १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद केली, तिच्यात हे दोघंही आहेत. उन्हाळे-हिवाळे सोसायची यांना सवय आहे. वरचा वर खातो, मधला मधे, तळचा तळाशी.

माझा सकर मात्र वर्षभरात वीतभर झाला. तो दीड फुटांपर्यंत वाढतो, हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. “तलावात सोडून दे ना,” असं मला चार जणांनी सुचवलं. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका, सकर असो, गप्पी असो की गोल्डफिश. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत हा सकर असाच पसरला आहे. त्याच्या परांचे काटे मच्छीमारांची जाळी फाडतात. आमच्या ढिवरांच्या जाळ्यावर ते संकट माझ्या पेटीतून येऊ नये. मोठ्या हौदाच्या एका माणसाला तो देऊन टाकला.

(दृश्य : दुकान. काचेसमोर शाळकरी मुलगी, हातात पाण्याची बाटली.)

ही आमच्या गल्लीतली आठवीतली मुलगी. वडिलांनी दोन फुटी पेटी घेऊन दिली आहे. ती महिनाभर नुसती चालू ठेवली, आत तीन गप्पी. आज घरच्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन आली. दुकानदारानं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून दिला. ती सगळ्यात जास्त वेळ एंजलसमोर उभी राहिली.

“काका, याला किती उंच पेटी लागते?”

दीड फूट तरी, मी म्हटलं. आणि पाणी मऊ.

तिनं वहीत लिहून घेतलं. मग दोन नर आणि पाच माद्या, अशा सात प्लॅटी घेतल्या. घरी पिशवी वीस मिनिटं पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली. दर पाच मिनिटांनी वाटीभर पेटीतलं पाणी पिशवीत घातलं. मासे जाळीनं उचलून आत सोडले, पिशवीतलं पाणी अंगणातल्या तुळशीला. दिवा बंद केला. रात्री खाऊ घातलं नाही.

एंजल पुढच्या दिवाळीला, पावसाचं पाणी साठवायला टाकी झाली तर.