पायाखालचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

अलास्काच्या नैऋत्येला कोक्तुली नावाची नदी उगम पावते. तिथे रस्ता जात नाही. छोट्या विमानाने जवळच्या गावी उतरायचं आणि पाठीवर तंबू, शिधा घेऊन टुंड्रा तुडवायला लागायचं. लांबून सपाट दिसणारं हे माळरान गवताच्या गड्ड्यांनी भरलेलं असतं. गड्ड्यावर पाय दिला की तो कलंडतो, आणि मधे दिला की थेट पाण्यात. जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे लागलं, ते कळतच नाही.

याच जमिनीखाली तांबं, सोनं आणि मॉलिब्डेनम या धातूचा प्रचंड साठा आहे. पेबल खाण काढायचा बेत आहे तो इथेच. कोक्तुलीचं पाणी पुढे नुशागाक नदीत जातं. शेजारच्या अप्पर तलारिक ओढ्याचं पाणी इलिआम्ना सरोवरातून क्विजॅक नदीत जातं. दोन्ही नद्या ब्रिस्टल बे या उपसागराला मिळतात. जगातल्या नैसर्गिक सॉकाय सॅल्मनपैकी जवळपास निम्मे मासे या खोऱ्यांतले! 2022 साली सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकाय समुद्रातून परतले होते.

उन्हाळ्यात हा मासा बघावा. अंग लालभडक, डोकं हिरवं, नराचा जबडा आकड्यासारखा वळलेला. उथळ ओढ्यात पाठ उघडी पडली तरी तो वर सरकतच राहतो. जन्माचा ओढा तो वासावरून ओळखतो, तिथेच वीण होते आणि तिथेच मरतो. पाण्यात तांब्याचा अंश किंचित वाढला, तरी ही वास घेण्याची शक्ती मंदावते.

खाणीचा गाळ, म्हणजे धातू काढून उरलेला चुरा आणि पाणी, बांधाआड अडवू, असं सांगितलं जातं. पण कोक्तुलीच्या दक्षिण फाट्याचं काही पाणी जमिनीखालून झिरपत तलारिक ओढ्यात निघतं, ते कसं अडवणार? शिवाय खाण बंद पडली तरी बांध कायम सांभाळावा लागतो. 2014 साली कॅनडात माउंट पॉली खाणीचा बांध फुटला आणि गाळ क्वेनेल सरोवरात गेला.

इथले युपिक, देनाइना आणि अलुतिक लोक हिवाळ्यासाठी हाच मासा वाळवून, धुरावून ठेवतात. त्यांनी आणि मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाणीचा गाळ या पाण्यात टाकायला मनाई केली. 2024 मध्ये खाण काढू पाहणारी कंपनी आणि अलास्का सरकार दोघेही त्याविरुद्ध कोर्टात गेले. याच संस्थेने आधी प्रस्तावित केलेलं संरक्षण 2019 मध्ये मागे घेतलं होतं. म्हणून या खोऱ्यांना थेट संसदेच्या कायद्याचंच संरक्षण हवं, ही तिथल्या लोकांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.