सामाईक खातं आणि शुक्रवारचं जेवण

इस्रायलच्या शहरांत एकत्र राहून आपली कमाई एकाच खात्यात टाकणारे तरुणांचे गट आहेत; त्यांना भेटायला जाणार असाल तर हे वाचा. आधी वारांचं बघू, कारण दौरे तिथेच फसतात. इस्रायलमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक शहरांतल्या बस बंद होतात, त्या शनिवारी अंधार पडेपर्यंत. तेव्हा ज्या गटाला भेटायचंय, त्याच्या गावी शुक्रवारी दुपारीच पोहोचा. एका इमारतीतले भाडेकरू आणि एकमेकांना बांधलेली माणसं यांतला फरक शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला दिसतो. भांडी कोण घासतंय, शेजारचं कोण आलंय, एवढं बघितलं तरी पुरे.

शेतीचा किबुत्झ, म्हणजे कमाई वाटून घेणारी सामुदायिक वसाहत, तुम्हाला ऐकून माहीत असेल. पहिला, देगानिया, 1910चा. 1980च्या दशकात महागाई आणि कर्जाने ही मंडळी मोडकळीला आली आणि पुढे बऱ्याच किबुत्झांनी समान वाटपच सोडून दिलं. नेमक्या त्याच काळात, 1987मध्ये, बेत शेमेश गावी तामूझ आणि गाझाच्या सीमेजवळच्या स्देरोतला मिगवान हे शहरी किबुत्झ उभे राहिले. त्यांना शेत नाही. सदस्य शिक्षक, समाजकार्यकर्ते म्हणून बाहेर नोकरी करतात. आजचे तरुण गट, ज्यांना तिथे 'गारीन' म्हणजे बी म्हणतात, थोड्याफार फरकाने याच वाटेवरचे. काही मुलं तर शाळा संपली की लष्करात जाण्याआधी वर्षभर अशा घरांत राहून सेवा करतात.

आता पैसा. समजा एकाचा पगार 12,000 शेकेल, दुसरीचा 7,000. दोन्ही सामाईक खात्यात जातात आणि घरटी, माणशी ठरलेली रक्कम परत मिळते. विशीत हे सोपं असतं, कारण कोणाकडेच काही नसतं. तिशीत मुलं होतात, आईवडील फ्लॅटसाठी मदत देऊ करतात, कोणाला वारसा मिळतो. तो खात्यात टाकायचा का? गट बहुतेक इथेच तडकतात, तत्त्वज्ञानावर नाही. म्हणून सभासद किती हे विचारू नका. सोडून किती गेले आणि जाताना काय घेऊन गेले, ते विचारा. उत्तर ताबडतोब आलं, तर त्यांनी यावर भांडण करून झालेलं आहे. चांगली खूण.

दुसरा प्रश्न गावाचा. हे गट मुद्दाम 1950च्या दशकात वसवलेल्या गावांत जातात: येरुहाम, स्देरोत, दिमोना. दिमोनात दुभाष्याशिवायही थोडंफार भागेल. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, तिथे मोठी वस्ती आहे आणि म्हाताऱ्या माणसांशी मराठीत बोलता येतं. शिकलेली पोरं आपल्याला 'सुधारायला' आली, असं त्यांना वाटतं का, हे त्यांनाच विचारा. गटाचा अहवाल ते सांगणार नाही. लोदसारख्या ज्यू-अरब मिश्र शहरात तर धार्मिक गारीनच्या वस्तीकडे अरब रहिवासी आपल्याला हुसकावण्याचा डाव म्हणूनच बघतात. मे 2021मध्ये तिथे दंगल पेटली, त्यामागे हाही ताण होता. अशा गावात एकाच बाजूच्या घरी चहा पिऊन परतलात तर अर्धंच पाहिलंत.

स्देरोतला जाणार असाल तर बसथांबे नीट बघा. जाड काँक्रीटचे ते निवारे आहेत. रॉकेट येत असल्याचा भोंगा वाजल्यावर हाताशी साधारण 15 सेकंद असतात. ऑक्टोबर 2023मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर हे गाव जवळजवळ पूर्ण रिकामं केलं होतं. तिथल्या गटाला पहिल्यांदा विचारायचं ते हे: परत कोण आलं, आणि त्या महिन्यांत सामाईक खातं कोणी चालवलं?