एक तृतीयांश मतं, दोन तृतीयांश जागा

[दृश्य: मतमोजणी केंद्र, व्यासपीठावर उमेदवार]

५ जुलै २०२४ची सकाळ. इंग्लंडच्या पूर्व भागातलं किंग्ज लिन हे गाव. साऊथ वेस्ट नॉरफोक मतदारसंघाची मतमोजणी रात्रभर चालून आता संपली आहे. व्यासपीठावर उमेदवार उभे आहेत, आणि त्यांत देशाच्या माजी पंतप्रधान आहेत, लिझ ट्रस. २०१९ साली याच मतदारसंघातून त्या २६,१९५ मतांच्या आघाडीने निवडून आल्या होत्या. आज त्या ६३० मतांनी पडल्या. मजूर पक्षाचे टेरी जर्मी विजयी झाले.

ट्रस यांच्या पराभवाची बातमी जगभर गेली. जर्मी यांना मतं किती पडली, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्यांना मिळाली २६.७ टक्के. मत द्यायला आलेल्या दर शंभर माणसांतल्या त्र्याहत्तर जणांनी दुसऱ्याच कुणाला तरी मत दिलं होतं, आणि तरीही खासदार जर्मीच झाले, कारण इतर प्रत्येकाला त्यांच्याहून कमी मतं होती.

ब्रिटनच्या राजकारणाची दोन दुखणी या एका निकालात दिसतात. पंतप्रधान टिकत नाहीत, हे एक. लोकांची मतं आणि संसदेतल्या जागा यांचा मेळ बसत नाही, हे दुसरं. या दोन्हींवर तिथे भरपूर बोललं जातं, पण वेगवेगळं. आमच्या मते या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: मतं मोजून जागा वाटण्याच्या पद्धतीत.

[दृश्य: डाउनिंग स्ट्रीट, एकामागून एक राजीनाम्याची भाषणं]

जून २०१६मध्ये युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के कौल आला आणि डेव्हिड कॅमेरून पायउतार झाले. त्यानंतर टेरेसा मे. मग बोरिस जॉन्सन, मग लिझ ट्रस, मग ऋषी सुनक. हे सगळे एकाच पक्षाचे, हुजूर पक्षाचे. आठ वर्षांत पाच पंतप्रधान, आणि त्यांतला एकही विरोधी बाकांनी पाडलेला नाही. कॅमेरून जनमताच्या कौलाने गेले आणि सुनक सार्वत्रिक निवडणुकीत हरले. मधल्या तिघांना त्यांच्याच खासदारांनी घालवलं.

ते कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. हुजूर पक्षाच्या खासदारांची एक समिती आहे, ‘१९२२ समिती’. त्या काळच्या नियमानुसार पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी समितीच्या अध्यक्षांना अविश्वासाची पत्रं दिली, की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावंच लागे. डिसेंबर २०१८मध्ये मे यांनी ते २०० विरुद्ध ११७ असं जिंकलं. जून २०२२मध्ये जॉन्सन यांनी २११ विरुद्ध १४८ असं जिंकलं. जिंकूनही दोघं वाचले नाहीत. जॉन्सन यांच्यावर तर महिन्याभरातच, ५ जुलैला, त्यांचेच मंत्री साजिद जाविद आणि ऋषी सुनक यांनी राजीनामे टाकले. त्यांच्यामागून इतरांची रांग लागली, आणि दोन दिवसांत पंतप्रधानांना जाण्याची घोषणा करावी लागली.

आता ट्रस यांची निवड पाहा. खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७ मतं होती, ट्रस यांना ११३. साडेतीनशेहून अधिक खासदारांच्या पक्षात एक तृतीयांश सहकारीसुद्धा त्यांच्या पाठीशी नव्हते. पण पहिल्या दोघांतून नेता निवडण्याचा अधिकार पक्षाच्या वर्गणीदार सभासदांना होता. हे सभासद सुमारे पावणेदोन लाख. त्यांतल्या ८१,३२६ जणांनी ट्रस यांना मत दिलं आणि त्या पावणेसात कोटी लोकांच्या देशाच्या पंतप्रधान झाल्या.

२३ सप्टेंबर २०२२ला त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यासाठी पैसा कुठून येणार, याचा हिशेब मांडला नव्हता. पौंड डॉलरसमोर कोसळला, सरकारी रोख्यांचे भाव गडगडले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरून रोखे विकत घ्यावे लागले. गृहकर्जाचे व्याजदर चढले. ज्यांचे हप्ते वाढले, त्या कुटुंबांना ट्रस पंतप्रधान व्हाव्यात की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. पंतप्रधान झाल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

यात व्यक्तींचे दोष आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण व्यक्ती बदलत गेल्या आणि गोंधळ तसाच राहिला. त्यामुळे नजर व्यक्तींपलीकडे न्यावी लागते.

ब्रिटनमध्ये आपल्याकडच्यासारखीच पद्धत आहे. एका मतदारसंघातून एक खासदार, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. या पद्धतीत नव्या पक्षाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. १९८१ साली मजूर पक्षातले रॉय जेंकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स हे चार मोठे नेते बाहेर पडले आणि त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. १९८३च्या निवडणुकीत या पक्षाच्या आणि लिबरल पक्षाच्या आघाडीला २५.४ टक्के मतं मिळाली. मजूर पक्षाला मिळाली २७.६ टक्के. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. जागा मात्र मजूर पक्षाला २०९ आणि आघाडीला २३.

हा धडा ब्रिटनचे राजकारणी विसरलेले नाहीत. विचार पटेनासे झाले तरी पक्ष सोडायचा नाही, कारण बाहेर मरण आहे. मग एकाच पक्षात दोन-तीन पक्ष कोंबून बसतात. युरोपात राहू इच्छिणारे आणि बाहेर पडू इच्छिणारे हुजूर पक्षात एकत्र. मजूर पक्षात तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन आणि त्यांच्यावर २०१६ साली १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवणारे खासदार, हेही एकाच छपराखाली होते. जो झगडा मतदारांसमोर, वेगवेगळ्या चिन्हांवर व्हायला हवा, तो पक्षाच्या आत नेतेपदासाठी होतो. तिथे जो जिंकेल त्याच्या हाती अख्खा पक्ष येतो, आणि तो पक्ष सत्तेत असेल तर देशही.

[दृश्य: २०२४च्या निकालाचा नकाशा]

आणि अशा झगड्यातून आलेल्या पक्षाला मिळणारं बहुमत कसं असतं? २०२४मध्ये केयर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं मिळाली आणि ६५०पैकी ४११ जागा, म्हणजे ६३ टक्के. हाच पक्ष २०१९ साली कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली दारुण हरला होता. १९३५नंतरच्या सर्वांत कमी जागा त्याला मिळाल्या होत्या. त्या हरलेल्या निवडणुकीत त्याची मतं होती एक कोटी दोन लाखांवर. २०२४च्या प्रचंड विजयात मतं होती सत्त्याण्णव लाख. मतं घटली आणि जागा दुप्पट झाल्या.

दुसऱ्या बाजूला नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला एक्केचाळीस लाख मतं आणि ५ जागा. ग्रीन पक्षाला अठरा लाखांवर मतं आणि ४ जागा. सरासरी काढली तर मजूर पक्षाचा एक खासदार साडेतेवीस हजार मतांमागे आला, रिफॉर्मचा एक खासदार सव्वाआठ लाख मतांमागे.

रिफॉर्मची धोरणं आम्हाला मान्य नाहीत. स्थलांतरितांबद्दल तो पक्ष ज्या भाषेत बोलतो, ती लंडन, स्लाउ किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनाही झोंबते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे जितकी मतं तितक्या प्रमाणात जागा, असं असतं तर २०२४मध्ये त्यांना नव्वदच्या आसपास जागा मिळाल्या असत्या का? हो, मिळाल्या असत्या. ते मान्य करूनच ही मागणी करायला हवी. एक्केचाळीस लाख माणसांना संसदेबाहेर ठेवून त्यांचा राग कमी होत नाही. शिवाय मतं चार-पाच पक्षांत विभागली गेली, की हीच पद्धत कुठल्याही एका पक्षाला तीस टक्क्यांवर संपूर्ण सत्ता देऊ शकते. आज जी भिंत वाटते, ती उद्या दरवाजा ठरेल.

प्रमाणशीर पद्धतीने सरकारं अस्थिर होतात, हा नेहमीचा आक्षेप. जर्मनीत अँगेला मेर्केल २००५ ते २०२१ अशी सोळा वर्षं चॅन्सेलर होत्या, कायम आघाडी सरकारच्या. तेवढ्या काळात ब्रिटनने पाच पंतप्रधान पाहिले. खुद्द ब्रिटनमध्ये २०१०चं हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार पूर्ण पाच वर्षं चाललं. ऐंशीचं बहुमत घेऊन आलेले जॉन्सन त्यानंतर तीन वर्षंही टिकले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपला हक्काचा खासदार हरवेल. लोकांना आपल्या भागाचा माणूस हवा असतो, आणि तो हवाच. पण आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात, मतदार पसंतीक्रम देतात, आणि तिथला प्रतिनिधी आपल्या गावाशी घट्ट बांधलेला असतो. स्कॉटलंडच्या संसदेत १९९९पासून मतदारसंघाचा प्रतिनिधीही आहे आणि मतांचं प्रमाण साधणाऱ्या प्रादेशिक यादीतल्या जागाही आहेत.

[दृश्य: संविधान सभेची जुनी छायाचित्रं]

हा वाद आपल्या घरातही झालेला आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांची कारणं दोन: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि सभागृहाचे तुकडे पडून स्थिर सरकार मिळणार नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, बहुसंख्य निरक्षर देशासाठी तो विचार समजण्यासारखा होता. पण पुढे २०१४मध्ये आपल्याकडेही ३१ टक्के मतांवर एका पक्षाला लोकसभेत २८२ जागा मिळाल्या. म्हणून वेस्टमिन्स्टरमधली, म्हणजे ब्रिटिश संसदेतली, ही चर्चा आपण लक्ष देऊन ऐकायला हवी.

बदल होऊ शकतो का? न्यूझीलंडमध्ये झाला. १९७८ आणि १९८१, दोन्ही वेळा मजूर पक्षाला मतं जास्त मिळाली आणि सत्ता नॅशनल पक्षाला. लोक चिडले, शाही आयोग नेमला गेला, १९९३च्या जनमतात नव्या, प्रमाणशीर पद्धतीला ५३.९ टक्के कौल मिळाला. २०११ साली पुन्हा विचारलं, तेव्हा लोकांनी तीच पद्धत कायम ठेवली.

ब्रिटनमध्येही २०११ सालीच जनमत झालं. पण प्रश्न होता पसंतीक्रमाच्या एका पर्यायाचा, आणि तो प्रमाणशीर नव्हताच. ६७.९ टक्के लोकांनी तो फेटाळला. प्रमाणशीर पद्धत हवी का, हे ब्रिटिश मतदाराला आजवर एकदाही विचारलेलं नाही. १९९७च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने मतदान पद्धतीवर जनमत घेण्याचं वचन दिलं होतं. त्यासाठी नेमलेल्या रॉय जेंकिन्स यांच्या आयोगाने १९९८मध्ये अहवालही दिला. टोनी ब्लेअर यांच्या हाती मोठं बहुमत होतं, आणि अहवाल बाजूला पडला.

३ डिसेंबर २०२४ला लिबरल डेमोक्रॅट खासदार सारा ओल्नी यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. १३८ विरुद्ध १३६ मतांनी ती मिळाली. मजूर पक्षाच्या अनेक खासदारांनी बाजूने मत दिलं. अशा विधेयकाला सरकारने वेळ दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

मजूर पक्षाच्या अधिवेशनाने तर २०२२मध्येच लिव्हरपूलला प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूने ठराव केला होता. २०२४च्या जाहीरनाम्यात तो आला नाही. निवडणूक पद्धतीचा अभ्यास करायला राष्ट्रीय आयोग नेमावा, ही सर्वपक्षीय खासदारांच्या गटाची मागणी आहे, आणि आमचीही आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पंतप्रधानांची इच्छा पुरे.