कारच्या स्टिरिओला डिजिटल रेडिओ जोडताना अँटेनाचा विचार आधी करा

[गॅरेजमध्ये, कॅमेऱ्यासमोर. मागे डॅशबोर्ड उघडलेली कार.]

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजमध्ये गेल्या महिन्यात आमचे एक परिचित ऑनलाइन मागवलेले खोके घेऊन आले होते. आत काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा होता, काचेला चिकटवायची पातळ अँटेना होती, आणि खोक्यावर ‘डीएबी’, म्हणजे डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग, ही तीन अक्षरे ठळक छापलेली होती. आम्ही सगळे नीट जोडून दिले. डब्याने पूर्ण बँड दोनदा शोधला आणि एकही केंद्र सापडले नाही. डब्यात कोणताच दोष नव्हता. ज्या प्रक्षेपणासाठी तो बनवला आहे, ते प्रक्षेपण आपल्याकडे होत नाही, एवढेच त्याचे कारण. असा खर्च आणखी कोणाचा वाया जाऊ नये, म्हणून आजचा हा व्हिडिओ.

डिजिटल रेडिओ ही जगभर सारखी असलेली एकच पद्धत नाही. युरोपात डीएबी आणि तिची सुधारित आवृत्ती डीएबी प्लस चालते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९५ साली डीएबी सुरू केले, आणि नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद करून सगळा भार डीएबीवर टाकला. अमेरिकेत एचडी रेडिओ आहे. भारतात मात्र आकाशवाणीने डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिअल, ही पद्धत स्वीकारली आणि ती मुख्यतः मीडियम वेव्हच्या, म्हणजे मध्यम लहरींच्या, प्रक्षेपकांवर बसवली. त्यामुळे कोल्हापुरात कारसाठी डिजिटल ट्यूनर घ्यायचा असेल, तर खोक्यावर ‘डीआरएम’ ही अक्षरे असलीच पाहिजेत.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. जुन्या-नव्या अनेक स्टिरिओंच्या खोक्यांवर ‘डिजिटल ट्यूनर’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ इतकाच, की काटा फिरवण्याऐवजी केंद्राचा आकडा पडद्यावर दिसतो आणि बटणाने केंद्र लावता येते. येणारे प्रक्षेपण जुन्याच पद्धतीचे असते. आपण शहरात ऐकतो ती आकाशवाणी कोल्हापूरची १०२.७, टोमॅटो एफएमची ९४.३ किंवा मिर्चीची ९८.३ ही सगळी साध्या एफएमची केंद्रे आहेत. डीआरएमचा डबा बसवल्याने त्यांच्या आवाजात काहीही फरक पडणार नाही, हे खरेदीआधी मनाशी स्पष्ट असू द्या.

मग हा डबा घ्यायचा कशासाठी? आपल्या भागापुरते उत्तर असे आहे. आकाशवाणीच्या पुणे, पणजी आणि धारवाड येथील मध्यम लहरींच्या प्रक्षेपकांवर डीआरएमची यंत्रणा आहे, आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणांच्या मधोमध येते. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत दूरवर प्रवास करतात आणि डोंगराची आडकाठी त्यांना एफएमइतकी होत नाही. गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटात गाडी वळली की शहराचे एफएम हळूहळू विरते, मोबाइलची रेंज जाते आणि इंटरनेटवरचे गाणे मध्येच थांबते. अशा जागी मध्यम लहरी उपयोगाच्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा गाडीत अडकून पडलेल्या माणसाला बातमी कळण्याचा मार्ग किती मोलाचा असतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डीआरएममध्ये आपत्कालीन सूचनेची सोय मूळ रचनेतच आहे. प्रक्षेपकाने संकेत पाठवला की ती सोय असलेला रेडिओ चालू केंद्र सोडून सूचनेकडे वळतो आणि मजकूरही दाखवतो. मला स्वतःला या पद्धतीचा हा गुण सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

[हातात दोन अँटेना: काचेची पट्टी आणि छतावरची काडी.]

आता मूळ मुद्दा. डबा कोणता घ्यावा यावर लोक तासन् तास बोलतात, पण केंद्र लागते की नाही हे ठरते अँटेनावर. डीएबीचे प्रक्षेपण १७४ ते २४० मेगाहर्ट्झवर होते, त्याची लहर साधारण दीड मीटरची असते, म्हणून काचेवरच्या एवढ्याशा पट्टीवर त्याचे भागते. पुण्याचे मध्यम लहरींचे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, आणि त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. एवढ्या लांब लहरीपुढे कारची कोणतीही अँटेना आखूडच पडते. ती उणीव अँटेनाच्या बुडाशी बसवलेला छोटा अॅम्प्लिफायर भरून काढतो आणि त्याला स्टिरिओकडून १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. स्टिरिओ बदलताना हा पुरवठा देणारी निळी वायर बऱ्याच वेळा तशीच लोंबकळत राहते, आणि मग रेडिओ पकडत नाही म्हणून नव्या स्टिरिओला दोष दिला जातो. छतावरच्या काही शार्क फिन, म्हणजे माशाच्या पंखासारख्या आखूड, अँटेना तर केवळ एफएमपुरत्या असतात. तशी गाडी असेल, तर मध्यम लहरी पकडणारी अँटेना घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून पैसे देण्याआधी एक चाचणी करा. तिला काहीही खर्च येत नाही. आपल्या स्टिरिओवर एएम, म्हणजे मध्यम लहरींचा साधा बँड, असेल तर भर दुपारी गाडी शहराबाहेर मोकळ्या जागी, उच्च दाबाच्या तारांपासून दूर उभी करा आणि ७९२ किंवा धारवाडचे ७६५ लावून पाहा. आधी इंजिन बंद ठेवून ऐका, मग इंजिन सुरू करा, आणि त्यानंतर हेडलाइट, पंखा, वायपर व मोबाइलचा चार्जर एकेक करून लावा. खरखर कशाने वाढते ते कान लगेच सांगतो. त्या परिचितांच्या गाडीत आम्ही हेच केले. सगळे बंद असताना बोलणे समजत होते. सिगारेट लायटरच्या जागेत डॅशकॅमचा स्वस्त चार्जर खोचताच सगळा बँड एकसारख्या घरघरीने भरून गेला, आणि तो उपसताच आवाज पुन्हा मोकळा झाला. साध्या एएमवर अशी खरखर आली तरी माणूस शब्द ओळखत राहतो. डीआरएममध्ये मात्र अधले-मधले काही नसते. संकेत पुरेसा असेल तोवर आवाज स्वच्छ येतो आणि त्या पातळीखाली गेला की एकदम शांतता पसरते. त्यामुळे चार्जर आणि निकृष्ट एलईडी दिवे आधी बदला, ट्यूनरचा विचार नंतर करा.

जोडणीचे म्हणाल, तर पहिल्यांदा गाडीचा मेनू उघडून पाहा, कारण मारुती सुझुकी, ह्युंदाई आणि महिंद्र यांच्या काही मॉडेलांत डीआरएम कारखान्यातूनच बसवलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. नसेल, तर वेगळ्या डब्यातून स्टिरिओच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीने आत घेण्याच्या खाचेत, आवाज देणे ही मला सर्वांत भरवशाची वाट वाटते. काही अडॅप्टर यूएसबीत बसतात आणि स्टिरिओला आपण पेनड्राइव्ह आहोत असे भासवतात, म्हणजे प्रत्येक केंद्र एखाद्या फाइलसारखे दिसते. ऑक्स नसलेल्या गाड्यांसाठी ही युक्ती चांगली आहे. डब्याचा आवाज एफएम मॉड्युलेटरवरून, म्हणजे गाडीतच छोटे एफएम केंद्र चालवून, स्टिरिओला देणे मात्र मी शक्यतो टाळतो.

[जवळून: स्टिरिओच्या मागचा कपलर.]

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काम सुरू करावे. हा कपलर, म्हणजे वायरी एकत्र जोडणारा प्लग, पाहा. साधारण प्रचलित रंग असे असतात, की पिवळ्या वायरीत कायम पुरवठा असतो, लालमध्ये चावी फिरवल्यावर येतो आणि काळी अर्थिंगची असते. तरीही कारखान्याच्या मूळ वायरिंगमध्ये रंग निराळे निघतात, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावून खात्री करावी. ट्यूनरचा पुरवठा चावीच्या वायरीवरून, स्वतंत्र छोटा फ्यूज घालून घ्यावा. कायमच्या पुरवठ्यावर दिल्यास गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. मूळ वायर कापू नका, तयार कपलर मिळतो तो वापरा, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवणार नाही. अँटेनाची वायर काचेलगतच्या खांबाच्या आवरणामागून नेताना, अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथेच घडी करून ठेवलेली असते हे लक्षात असू द्या; वायर तिच्या मागून जावी, पुढून किंवा तिच्यावरून कधीही नाही. एवढे एक काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, असे मी आग्रहाने सांगतो.

डबा चालू झाल्यावर केंद्र पकडायला काही सेकंद घेतो, तेवढी वाट पाहावी. साधे एएम आणि डिजिटल दोन्ही एकाच वेळी चालते तेव्हा डिजिटल संकेत शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर असतो, त्यामुळे ओळखीचा आकडा हाताने लावण्यापेक्षा डब्याला पूर्ण बँड शोधू द्यावा. एका केंद्रावरून एकापेक्षा अधिक कार्यक्रमही येऊ शकतात. यादीत अनोळखी नाव दिसले तर तेही उघडून पाहावे.

आणि अर्थिंगचा हा बोल्ट. आपण रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर तो आवळला आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अशा उघड्या जागेला महिनाभरात गंज धरतो आणि खरखर परत येते, म्हणून त्यावर ग्रीसचा थर द्यावा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डॅशबोर्डखाली हात घालून तो पुन्हा एकदा आवळून पाहावा.