लूनाचं इंजिन किती जगतं?

(दृश्य : गॅरेजमधलं टेबल, खोललेलं इंजिन, तळहातावर पिस्टन)

हा लूनाचा पिस्टन. व्यास जेमतेम चार सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर अर्ध्या तासात हा दीड लाख वेळा वर-खाली होतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला एक भडका. विसावा नाहीच.

फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लूना आणली. इटलीतल्या पियाजिओच्या चाओ या मोपेडवरून बेतलेली, पन्नास सीसीची, पायडल असलेली. एका माणसाला कामावर नेण्याएवढा तिचा जीव. आपण मात्र तिच्यावर दुधाच्या किटल्या लादल्या, गॅसची टाकी बांधली, डबलसीट तर रोजचंच. आणि वर म्हणालो, इंजिन नाजूक आहे.

(दृश्य : पेट्रोलमध्ये ऑइल ओतणारा हात)

या इंजिनाला ऑइलचं वेगळं चेंबर नाही. पिस्टन, त्याच्या रिंगा, क्रँकचे (पिस्टनच्या वर-खालीचं फिरणं करणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. इंजिनाप्रमाणे लिटरला वीस ते चाळीस मिलिलिटर. इथे काटकसर केली की पिस्टनवर उभे ओरखडे दिसू लागतात.

घाट उतरतानाची एक सवय तर फारच घातक. उतार लागला की माणूस रेस पूर्ण सोडून देतो. चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं, पण आत पेट्रोल नावालाच जातं आणि त्याच्यासोबतचं ऑइलही. तापलेला पिस्टन कोरडा घासतो आणि गाडी जागच्या जागी सीज होते, म्हणजे पिस्टन आतच जाम होतो. जुने चालवणारे उतारावर अधूनमधून थोडी रेस देत. पेट्रोल वाया घालवतोय, असं बघणाऱ्याला वाटे. खरं तर ते इंजिनाला तेल पाजत असत.

(दृश्य : सायलेंसरमधून खरवडून काढलेली काळी खपली)

आता हे बघा. जळलेल्या ऑइलचा हा कार्बन एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेंसरमध्ये साचतो. धूर बाहेर पडायला वाट उरत नाही, गाडी चढ घेत नाही. मालक म्हणतो, इंजिन गेलं. किती लूना अशा भंगारात गेल्या असतील! याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कार्बन खरवडून सायलेंसर साफ केला असता, तर त्यातल्या बऱ्याच पुन्हा पळाल्या असत्या.

ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट ही किरकोळ कामं. रिंगा झिजल्या तर बदलता येतात. ब्लॉकच, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळीच झिजली, तर ती आतून बोअर करून किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. क्रँकचं ऑइल सील कोरडं पडणं मात्र जास्त वाईट. तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन भलतंच तापतं. वर्षानुवर्षं नुसत्या उभ्या असलेल्या गाडीत हा धोका मोठा, म्हणून कमी चाललेली लूना म्हणजे चांगली लूना, हे धरून चालू नये.

(दृश्य : संध्याकाळ, अंगणात लूना)

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालूच ठेवायचं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत ते फटफटत राहतं. मग आवाज बारीक होतो, एकदा चढतो, आणि थांबतो.