आधी फोन कानाला लावा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाची सर आली की इंटरनेट बसतं आणि ऊन पडलं की आपोआप उठतं, असा ज्यांच्या घरचा खाक्या आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. घरात फायबर आलं असेल, तर तुम्ही खुशाल चहा टाकायला उठा. हा विषय आहे तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा.

पहिली तपासणी मोडेमची नाही, फोनची. रिसीव्हर उचला आणि कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. पुढचे काही सेकंद लाइनवर शांतता हवी. त्यात खरखर किंवा घरघर ऐकू आली, तर तारेचा एखादा जोड ओला किंवा गंजलेला आहे असं समजा. मोडेम बदलून तो बरा होणार नाही.

बरं, फोन स्वच्छ ऐकू येतो म्हणून लाइन चांगलीच असेल, असंही नाही. आवाजाला ४ किलोहर्ट्झच्या आतली जागा पुरते. एडीएसएल, म्हणजे टेलिफोन तारेवरून येणारं हे इंटरनेट, त्याच तारेवर साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं, आणि त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल टू प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. सैल जोडातून बोलणं निभावतं, पण वरच्या पट्ट्यातला सिग्नल तिथेच अडखळतो. उलटही घडतं. जोडीतली एक तार तुटली की फोन ठार मुका होतो, तरी मोडेम कधीकधी रडतखडत लागलेला दिसतो.

आता घरातलं वायरिंग. बाहेरची तार घरात येते तिथे रोझेट, म्हणजे ती छोटी चौकोनी डबी असते. तिथून स्वयंपाकघरात एक फोन, माडीवर दुसरा, अशी पॅरलल कनेक्शनं काढलेली असतात, आणि बहुतेक भानगडी याच फाट्यांत दडलेल्या असतात. हे सगळे फाटे सोडवून मोडेम थेट रोझेटवर लावा आणि तासभर चालवून बघा. नेट टिकलं, तर दोष घरात आहे. तरीही तुटलं, तर बाहेर. ही एक गोष्ट करून मगच तक्रार नोंदवा.

फाट्यावर फोन ठेवायचाच असेल, तर तो स्प्लिटरच्या, म्हणजे फोनचा आवाज आणि नेटचा सिग्नल वेगळा करणाऱ्या डबीच्या, ‘फोन’ लिहिलेल्या भोकातूनच गेला पाहिजे. रिसीव्हर उचलल्याबरोबर नेट तुटतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे एखादा फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला असणं. जुनं फॅक्स मशीन, कॉलर आयडीची डबी यांनाही हाच नियम. स्प्लिटरपासून मोडेमपर्यंतची चपटी वायर आखूड ठेवा. दहा मीटरचं वेटोळं तिथे नको.

रोझेट उघडलीत आणि तारेचं टोक हिरवट-काळं दिसलं, तर तेवढं टोक कापा, नवं तांबं सोला आणि स्क्रू घट्ट आवळा. हात कोरडे हवेत. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना ७५च्या आसपास जातात, आणि तेव्हा झटका चांगलाच बसतो. विजा कडाडत असतील तर त्या डबीला हातच लावू नका, मोडेमचीही वायर काढून ठेवा.

मोडेमवरचे दिवे नीट वाचा. डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल, तर भांडण तारेशी आहे. तो स्थिर आहे आणि इंटरनेटचा पेटत नाही, तर युजरनेम, पासवर्ड तपासा. रीसेट झालेल्या मोडेममध्ये व्हीपीआय, व्हीसीआयचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातली वाट सांगणारे आकडे पुसले जातात; बीएसएनएलच्या एडीएसएलसाठी ते ० आणि ३५. मोडेमच्या स्टेटस पानावर एसएनआर मार्जिन दिसतं, म्हणजे लाइनवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नल गरजेहून किती वरचढ आहे ते. ते ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन वारंवार तुटणार, १०च्या वर असेल तर बरी. अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती कमजोर होतो ते, मात्र जितकं कमी तितकं चांगलं. ते ६०च्या पुढे असेल, तर टेलिफोन केंद्र तारेच्या वाटेने लांब आहे, आणि वेगाची फार आशा धरू नका.

लाइनमन येईल तेव्हा नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘रोझेटवर थेट लावून पाहिलं, मार्जिन ४ आहे, लाइनवर खरखर आहे,’ असं सांगा. म्हणजे तो घरात न शिरता आधी डीपीचं, म्हणजे बाहेरच्या तारा जिथून घरोघर फुटतात त्या पेटीचं, झाकण उघडेल.